जुनी डिझेल एसयूव्ही: तपासणी सायलेन्सरपासून सुरू करा

सेकंडहँड एसयूव्ही बघायला गेलं की नजर आधी रंगावर, मग टायरवर आणि मग सीट कव्हरवर जाते. गाडीखाली वाकून बघणारा विरळाच. खरं तर इंजिन आत कसं जळतंय, ऑइल वेळेवर बदललंय का, गाडी हायवेवर पळालीय की शहरात रांगत राहिलीय, पाण्यात घातलीय का, या सगळ्याच्या खुणा एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइप-सायलेन्सरच्या साखळीवर उमटलेल्या असतात. पॉलिश मारून त्या झाकता येत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांना ती लागू आहे. एक्झॉस्टचा जो भाग बिघडलेला दिसतो, त्याला बऱ्याचदा दुसऱ्याच भागाने बिघडवलेलं असतं. इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरणारा रबरी टेकू, खचला की फ्लेक्सिबल (लवचिक) पाइप तुटतो. इंजेक्टर गळतात किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकतो, आणि चोंदतो तो डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर. पेट्रोल गाडीत मिसफायर होत राहिला, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल पेटणं चुकत राहिलं, की कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) वितळतो. मूळ कारण तसंच ठेवून नवा भाग बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

आपल्या गाडीत काय काय आहे

इंजिनातून धूर निघतो तो आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग), तिथून टर्बोत (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), मग डाउनपाइपमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅटकॉनमध्ये. त्यानंतर डीपीएफ असेल तर तो, मग फ्लेक्सिबल पाइप, छोटा सायलेन्सर, मोठा सायलेन्सर आणि शेवटी टेलपाइप. फ्लेक्सिबल पाइपची जागा मॉडेलप्रमाणे पुढेमागे असते. मॅनिफोल्डवरूनच ईजीआरची एक वाट फुटते आणि थोडा जळका वायू थंड करून परत इंजिनात सोडते.

गाडी प्रदूषणाच्या कोणत्या मानकाची, म्हणजे कोणत्या बीएसची (भारत स्टेज) आहे ते आरसी किंवा एमपरिवहन ॲपवर दिसतं. बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, बीएस ६ १ एप्रिल २०२० पासून. बहुतेक बीएस ४ डिझेल एसयूव्हींत कॅटकॉन आणि ईजीआर असतात, डीपीएफ नसतो. बीएस ६ डिझेलला मात्र डीपीएफ असतोच. काहींना शिवाय ॲडब्लूची, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असते. डिझेलच्या झाकणाजवळ निळं झाकण दिसलं की ही गाडी त्यातली.

नंबरप्लेटही बरंच सांगून जाते. एमएच ०६, ०७, ०८ म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा गोव्याची गाडी असेल तर खारी हवा धरून पाइप आणि सायलेन्सरचा गंज बारकाईने बघा. मुंबई-पुण्याची, रोज सात-आठ किलोमीटर ऑफिसला जाणारी बीएस ६ डिझेल असेल तर गंजापेक्षा डीपीएफची चिंता जास्त.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी मी आल्यावरच सुरू करायची. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिनवर जे दिसतं ते गरम इंजिन लपवतं.

बरोबर टॉर्च, पांढरं सुती फडकं, जाड हातमोजे, खाली झोपायला पुठ्ठा आणि ब्लूटूथवर चालणारा ईएलएम३२७ जातीचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले एररकोड वाचणारं यंत्र) न्या. गाडी जॅकवर उचलून खाली कधीही जाऊ नका. एसयूव्हीला जमिनीपासून उंची असते, टॉर्च घेऊन बाजूने बरंच दिसतं. नीट बघायचं तर जवळच्या सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी घेऊ द्यायला सांगा. ज्याला काही लपवायचं नाही तो नाही म्हणत नाही.

आधी डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर बीएस ६ गाडीत बहुधा डीपीएफची सफाई (जादा डिझेल सोडून काजळी जाळणं) पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलीय आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगही खातं आणि टर्बोही. पातळी फारच वाढली तर इंजिन ते ऑइलच जाळायला लागतं, आणि मग चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही.

मग टेलपाइपच्या आत फडकं फिरवा. बीएस ४ डिझेलला काजळी येणारच, ती कोरडी असली म्हणजे झालं. तेलकट, चिकट काजळी म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. बीएस ६ डिझेलमध्ये मात्र फडकं जवळपास स्वच्छ निघायला हवं. काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ आतून फुटलाय किंवा कुणीतरी तो पोकळ केलाय. ही चाचणी दहा सेकंदांची आणि फुकटची आहे. बीएस ६ डिझेल घेताना एवढी एकच करता आली तरी करा.

आता खाली बघा. प्रत्येक जोडाभोवती काळा फराटा आहे का? असेल तर तिथून धूर निसटतो. पाइपवर वरवरचा तांबूस गंज असतोच, त्याला घाबरू नका. अंगठ्याने दाबून पत्रा दबला किंवा पोपडे निघाले तर तो भाग गेला. सायलेन्सरची खालची शिवण आणि दोन्ही टोकं नीट बघा, कुजायला सुरुवात तिथूनच होते. कॅटकॉन किंवा डीपीएफच्या डब्यावर ताज्या वेल्डिंगची रेघ दिसली तर डबा उघडला गेलाय. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसाठी आतली जाळी काढून विकली जाते आणि रिकामा डबा परत वेल्ड करून ठेवला जातो. गाडी थंड असतानाच डब्यावर रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खडखडलं तर जाळी फुटलीय.

सुरू केल्यावर

पहिले दोन मिनिटं फक्त ऐका. थंड असताना टिक-टिक आणि पाच-सात मिनिटांनी बंद, हा मॅनिफोल्डच्या गळतीचा आवाज. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, आवाज जातो, आणि विकणारा म्हणतो, "बघा, काही नाही." टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आवाज बहुधा गरम झाल्यावरही राहतो, त्यावरून फरकाचा अंदाज घ्या. खालून फुरफुर येत असेल तर जाड फडक्याची घडी करून कुणालातरी दोन-तीन सेकंद टेलपाइपवर दाबायला सांगा. जोड घट्ट असतील तर फडकं बाहेर ढकललं जातं. गळती असेल तर तिथला फुसफुस आवाज वाढतो.

धुराचा रंग असा वाचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटका होज, उघडा अडकलेला ईजीआर, खराब इंजेक्टर. स्वस्त गोष्टी आधी तपासा, इंजेक्टर शेवटी. निळा म्हणजे ऑइल: टर्बोचं सील, व्हॉल्व्हचं सील किंवा रिंगा. पांढऱ्यात दोन प्रकार आहेत. पावसाळी सकाळी येणारी आणि गरम झाल्यावर विरणारी वाफ निर्दोष. गरम झाल्यावरही टिकणारा, किंचित गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. तेव्हा सगळे हेड गॅस्केटकडे बोट दाखवतात, पण डिझेल एसयूव्हीत ईजीआर कूलर फुटूनही हेच होतं. बाहेर कुठे थेंब नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय, तर हेड उघडायच्या आधी ईजीआर कूलरची प्रेशर टेस्ट करून घ्या.

स्कॅनर लावा

पोर्ट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतो. चेक इंजिनचा दिवा बंद आहे म्हणून समाधान मानू नका. तुम्ही यायच्या आधी एररकोड पुसून टाकणं फार सोपं असतं. म्हणून कोडच्या आधी दोन आकडे बघा: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच घेते त्या चाचण्या, पूर्ण झालेत का. पुसून फक्त १२ किलोमीटर झाले असतील आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण असतील तर काल रात्रीच पुसलेत. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा आधी लागतो ना, तेही बघा. अजिबात लागत नसेल तर त्यात छेडछाड झालीय.

कोडांपैकी एक्झॉस्टशी संबंधित वरचेवर भेटणारे हे:

पी०४०१ – ईजीआरमधून वायू पुरेसा जात नाही
पी०४०२ – ईजीआरमधून वायू जास्त जातोय
पी०२९९ – टर्बोचं बूस्ट (हवेचा दाब) कमी
पी०४२० – कॅटकॉनची कार्यक्षमता कमी
पी२००२ – डीपीएफ नीट गाळत नाही
पी२४६३ – डीपीएफमध्ये काजळी जास्त साठली
पी२४२एफ – डीपीएफमध्ये राख साठली
पी२४५३ – डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचं माप पटत नाही
पी२०ईई – ॲडब्लू यंत्रणा नायट्रोजन ऑक्साइड पुरेसे कमी करत नाही

कोड म्हणजे निदान नव्हे, कुठे शोधायचं त्याचा पत्ता. पी२४६३ आणि पी२४२एफ यांतला फरक पैशाच्या दृष्टीने फार मोठा आहे, तो पुढे सांगितलाय.

गळती आणि तुटलेले भाग

मॅनिफोल्ड इंजिनाला धरून ठेवणारे स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, बहुधा दोन टोकांचे तुटतात, कारण तापून-निवून लांबीतला सगळा ताण टोकांना येतो. काढताना घाई केली तर उरलेलेही मोडतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, आणि नट सोडायच्या आधी किंचित घट्ट करून मग मागे फिरवा. मोडलेला स्टड हेडमध्ये राहिला तर त्यावर नट वेल्ड करून तो बाहेर काढणारा कारागीर शोधा. ड्रिल मारून हेडचं भोक वाकडं करून ठेवणारे कमी नाहीत. परत बसवताना मॅनिफोल्डचा चेहरा पोलादी पट्टी लावून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर लेथवर सपाट करून घ्या. गॅस्केट नवीनच टाका आणि नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन टप्प्यांत आवळा. टॉर्क मॅन्युअलमध्ये असतो. ८ मिलिमीटरच्या स्टडला तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतो, हाताच्या अंदाजाने लोक याच्या दुप्पट आवळतात.

फ्लेक्सिबल पाइपची विणलेली जाळी उसवलेली दिसली की आतली बेलो (घड्यांची पातळ नळी) फाटलीच समजा. तो भाग कापून त्याच आतल्या व्यासाचा नवा वेल्ड करून मिळतो, पूर्ण पाइप बदलायची गरज नाही. पण त्याआधी बॉनेट उघडा, ब्रेक दाबून ठेवा आणि गिअर टाकून क्लच हळूच सोडताना इंजिन किती उसळतंय ते दुसऱ्याला बघायला सांगा. खूप उसळत असेल तर आधी माउंट बदला. नाहीतर नवा फ्लेक्सिबल लवकरच परत फाटेल.

सायलेन्सर आतून कुजतो, आणि त्याचं कारण पाणी. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या प्रवासात ते उडून जातं. चार किलोमीटरवर गाडी बंद केली की ते मागच्या डब्यात साचतं. म्हणूनच बऱ्याच सायलेन्सरच्या तळाशी पेन्सिलच्या टोकाएवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून पाणी टपकताना बघून ते वेल्डिंगने बुजवून घेऊ नका. हाताने दबणाऱ्या कुजक्या डब्याला ठिगळ लावण्यातही अर्थ नाही, पातळ पत्रा वेल्डिंग धरत नाही.

वेल्डिंगला गाडी दिलीच तर समोर उभं राहा. इलेक्ट्रिक वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला लावा, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा संगणक) जळू शकतो. डिझेलची लाइन, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग ओल्या पोत्याने झाका. पाण्याच्या नळाचा जीआय पाइप बसवू देऊ नका. त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो, आणि बहुतेकदा व्यासही जुळत नाही. एम-सीलसारखी पुट्टी एक्झॉस्टच्या तापाला टिकत नाही. एक्झॉस्ट पेस्ट मागच्या बाजूच्या छोट्या जोडाला चालते, मॅनिफोल्डला किंवा सेन्सरच्या आसपास ती लावू नका.

खडखड आवाज येतोय म्हणून सायलेन्सर बदलायला निघालात तर थांबा. बऱ्याचदा ती फक्त हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) असते, तिचा बोल्ट गंजून सुटलेला. पाइपभोवती मोठी स्टेनलेस होज क्लिप आवळली की काम होतं. शील्ड काढून फेकू नका, वरची वायरिंग आणि जमिनीचं मॅट तिच्यामुळे वाचतं. वाळून तडकलेली हँगर रबरंही स्वस्तात बदलून मिळतात. ती तुटली की पाइपचं सगळं वजन जोडावर येतं.

गळती सापडतच नसेल तर इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्युम क्लीनरचा ब्लोअर टेलपाइपला लावा, कडेने फडकं कोंबा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. फुगे आले की जागा कळली.

ईजीआर आणि टर्बो

ईजीआरमधून येणारी काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ एकत्र झाली की डांबरासारखा थर बसतो. कमी आरपीएमला पिकअप गेलेला, काळा धूर, आयडलिंग हलतं, ही त्याची लक्षणं. व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि नायलॉन ब्रशने घासा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून प्लेट हलवू नका, आतल्या मोटरचे दात प्लास्टिकचे असू शकतात. कनेक्टरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका. नवीन गॅस्केट टाका आणि स्कॅनरने व्हॉल्व्हचं लर्निंग, म्हणजे ईसीयूत त्याच्या जागेची नवी नोंद, करून घ्या. ईजीआरची वाट पत्रा लावून बंद करून देतो असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते बेकायदा आहे आणि बीएस ६ गाडी लगेच कोड टाकते.

टर्बोच्या सीलमधून ऑइल आलं की लोक टर्बो बदलतात. आधी तीन गोष्टी बघा: टर्बोचा ऑइल परतीचा पाइप मोकळा आहे का, क्रँककेस ब्रीदर चोंदलाय का, आणि पुढचा कॅटकॉन किंवा डीपीएफ तुंबलाय का. पुढे वाट बंद असेल तर मागचा दाब टर्बोवर येतो आणि चांगलं सीलही गळतं.

डीपीएफ: सगळ्यात महागडी चूक इथे होते

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची जाळी, जिच्या नळ्या एका आड एक टोकाला बंद असतात. धूर भिंतीतून गाळला जातो, काजळी आत राहते. वायू पुरेसा तापला तर ती हळूहळू आपोआप जळते. तापलाच नाही तर ईसीयू जादा डिझेल सोडून तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. याला रीजनरेशन म्हणतात. त्याला दहा ते वीस मिनिटं लागतात. त्या वेळी आयडलिंग थोडं वाढतं, रेडिएटरचा फॅन जोरात फिरतो, ॲव्हरेज घसरतं, गरम वास येतो. अशा वेळी गाडी बंद करू नका. वाळल्या गवतावर तर उभीच करू नका.

काजळी आणि राख यांत गल्लत होते, ती टाळा. काजळी जळून जाते. राख ही इंजिन ऑइलमधल्या धातूयुक्त मिश्रणांची असते, ती कितीही तापवली तरी जळत नाही, किलोमीटरप्रमाणे साठतच जाते. म्हणून बीएस ६ डिझेलला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या एसीईए सी२ किंवा सी३ अशा दर्जाचंच ऑइल लागतं. स्वस्तातलं जुन्या दर्जाचं ऑइल टाकून वाचवलेले पाच-सातशे रुपये डीपीएफमधून वसूल होतात, आणि काही गाड्यांचा नवा डीपीएफ लाखाच्या घरात जातो.

डीपीएफचा पिवळा दिवा लागला तर क्रम असा ठेवा.

१. ऑइलची पातळी बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदला.

२. प्रेशर सेन्सर तपासा. डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायला दोन बारीक रबरी नळ्या या सेन्सरकडे जातात. त्या तडकतात, वितळतात, काजळीने बुजतात. चावी ऑन पण इंजिन बंद असताना माप शून्याच्या आसपास हवं. तिथेच १५-२० मिलिबार दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. काही हजारांच्या सेन्सरपायी धडधाकट डीपीएफ बदलले जातात.

३. गरम इंजिनवर दाबातला फरक वाचा. ठोकताळा असा: आयडलला १० मिलिबारच्या आत आणि गाडी उभी असताना २५०० ते ३००० आरपीएमला ५०च्या आसपास किंवा कमी असेल तर ठीक. १००च्या वर गेला तर डीपीएफ चोंदलाय.

४. दिवा नुसता पिवळा असेल आणि गाडीची ताकद उतरली नसेल, तर ती पळवा. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल ठेवा, इंजिन गरम होऊ द्या आणि खालच्या गिअरवर २००० ते २५०० आरपीएम धरून सलग २० ते २५ मिनिटं चालवा. समृद्धी किंवा एक्स्प्रेसवेचा सपाट पट्टा उत्तम. घाट उतरताना हे जमत नाही: पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की इंजिनात डिझेल जात नाही, एक्झॉस्ट थंड पडतो आणि सफाई तुटते.

५. तरी दिवा राहिला तर वर्कशॉपमध्ये स्कॅनरने फोर्स्ड रीजनरेशन. ते उघड्यावर, टेलपाइपमागे काही नसताना करायचं, आणि काजळीचं प्रमाण कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच. मर्यादेपलीकडे भरलेला डीपीएफ जबरदस्तीने पेटवला तर जाळी वितळते किंवा तडकते.

६. पी२४२एफ असेल, किंवा रीजनरेशननंतरही दाब उतरला नाही, तर ती राख. डीपीएफ काढून विरुद्ध दिशेने, म्हणजे बाहेरच्या तोंडाकडून हवा आणि पाण्याने धुणारं यंत्र असलेल्या ठिकाणी तो द्या. कार वॉशचा प्रेशर पंप किंवा ॲसिड जाळीचा नाश करतं. आधी आणि नंतरचं दाबाचं किंवा वजनाचं माप लिहून मागा. बसवल्यावर ईसीयूमधला राखेचा हिशेब स्कॅनरने रीसेट करावा लागतो, नाहीतर स्वच्छ डीपीएफलाही तो भरलेलाच समजतो.

एवढं करून दर शंभर किलोमीटरला रीजनरेशन होत असेल तर दोष मागे आहे: इंजेक्टर, ईजीआर, बूस्टची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा तापमानाचा सेन्सर. थर्मोस्टॅटकडे फार कमी जण बघतात. इंजिन पुरेसं तापलंच नाही तर बऱ्याच गाड्यांत रीजनरेशन सुरूच होत नाही.

डीपीएफ कापून, पोकळ करून, ईसीयूमध्ये फेरफार करून घेण्याचा सल्ला जवळपास प्रत्येक गावात कुणीतरी देतोच. देऊ द्या. ती काजळी शाळेसमोर उभ्या मुलांच्या फुफ्फुसात जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करायला मनाई करतं. कलम १९०(२) खाली प्रदूषण आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्या वेळीच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय लायसन्स ३ महिने अपात्र ठरतं. असं काम झालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी डीपीएफची पूर्ण किंमत वजा करूनच सौदा करा, किंवा सोडून द्या.

ॲडब्लू

हे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण. आयएसओ २२२४१ छापलेलंच घ्या, त्यात पाणी मिसळू नका, शेतातला युरिया घोळून तर मुळीच टाकू नका. उन्हात ते खराब होतं: ३० अंशांत सुमारे वर्षभर टिकतं, ३५ अंशांत सहाच महिने. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरकडे कॅन साठवून ठेवू नका. पांढरे खडे नोझलभोवती दिसले तर कोमट पाण्याने विरघळतात. चुकून ॲडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा ऑन करू नका, टाकी रिकामी करून मगच पुढचं.

पेट्रोल एसयूव्ही असेल तर

पी०४२० दिसला की कॅटकॉन मागवायची घाई नको. आधी मॅनिफोल्डजवळची गळती, मागचा ऑक्सिजन सेन्सर आणि मिसफायर तपासा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतंय, गाडी बाजूला घ्या. कॅटकॉन तुंबलाय का हे बघायचं तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलला सव्वा पीएसआय आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत दाब हवा.

पीयूसी

डिझेलला ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून धुराची घनता मोजतात. बीएस ४ साठी मर्यादा प्रति मीटर १.६२, बीएस ६ साठी ०.७. विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या सर्टिफिकेटवर न थांबता, टेस्ट ड्राइव्हच्या वाटेवर स्वतःसमोर नवीन पीयूसी काढून घ्या. काही रुपयांत इंजिनाचा मोजलेला आकडा हातात येतो. गाडी गरम असतानाच काढा, थंड इंजिन उगाच नापास होतं.

केबिनमध्ये धूर

एसयूव्हीचा मागचा भाग चौकोनी, त्यामुळे चालत्या गाडीमागे कमी दाबाचा पोकळ पट्टा तयार होतो आणि धूर तिथेच घुटमळतो. मागच्या दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) फाटकं असेल किंवा सामान बाहेर आल्यामुळे दार अर्धं उघडं बांधलं असेल, तर तो आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. प्रवासात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर काचा उघडा, गाडी थांबवा, बाहेर पडा. मागच्या दाराच्या बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर बीडिंग बदला. जमिनीतले रबरी बूचही जागेवर आहेत का बघा. सायलेन्सर गळत असताना एसी लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं जिवावर बेततं, मग गाडी डिझेलची असो वा पेट्रोलची.

पावसाळा

साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिल्या गिअरवर, ॲक्सिलरेटर न सोडता, सावकाश. टेलपाइप बुडालेला असताना इंजिन बंद पडलं तर परत सुरू करू नका, ओढून बाहेर काढा. इनटेकमधून पाणी आत गेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून सुखरूप निघालात तर लगेच बंद न करता पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे सायलेन्सर सुकेल. लांबचा घाट चढून तापलेली गाडी सरळ ओढ्यात घालू नका. लाल झालेल्या कॅटकॉनवर थंड पाणी बसलं की आतली सिरॅमिक जाळी तडकते. किनाऱ्यालगत गाडी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने खालून धुवून घ्या, आणि मग एक फेरी मारून गाडी पूर्ण सुकवूनच उभी करा.